ऊस ट्रॉलीच्या चॅनलला तिसऱ्यांदा तडा: पट्टी मारायची, की चॅनल बदलायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं वापरलेली चारचाकी ऊस ट्रॉली. मागच्या एक्सलच्या डाव्या पाट्याचा (पानांच्या स्प्रिंगचा) पुढचा हँगर, म्हणजे पाटा धरणारा आधार, जिथे मेन चॅनलला (चासीच्या लांब तुळईला) बसतो, तिथे चॅनलला तडा गेला. मागच्या हंगामात दोनदा वेल्डिंग मारून घेतलं, दुसऱ्या वेळी वरून सहा इंची पट्टीही लावली. फेब्रुवारीत त्या पट्टीच्या कडेलाच नवा तडा दिसला. हंगाम तोंडावर आलाय. दहा एमएमची फूटभर लांब पट्टी मारावी, की चॅनल बदलावा? आणि रॉड कोणता वापरावा?

दादा, मी वाळवा तालुक्यात बावीस वर्षं ट्रॉल्यांचंच काम करतोय. त्याआधी चार वर्षं भोसरीत प्रेशर व्हेसलच्या (दाबाच्या टाक्यांच्या) शॉपमध्ये होतो, तिथे वेल्डिंग तपासायचं शिकलो. तुमच्यासारखी ट्रॉली दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माझ्या दारात उभी असते, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न रॉडचाच असतो. रॉडवर बोलू, पण नंतर. एकाच जागी तीन वेळा तडा गेला म्हणजे तीन वेगवेगळी वेल्डिंगं कच्ची निघाली असं मला वाटत नाही. त्या जागेवर काहीतरी जास्त पडतंय, आणि पट्टीमुळे ते कमी न होता बाजूला सरकलंय. जास्त काय पडतंय ते सापडेपर्यंत मशीन सुरू करू नका.

ट्रॉली समोर नसताना मी शंभर टक्के सांगू शकत नाही. चॅनल शंभरचा आहे की सव्वाशेचा (एमएम उंची), हँगर फक्त खालच्या फ्लँजला (आडव्या अंगाला) चिकटवलाय की वेबवरही (उभ्या अंगावरही) चढवलाय, खेपेला किती भरता, मागे दुसरी ट्रॉली जोडता का, यावर उत्तर बदलतं. म्हणून मी कसा बघतो ते सांगतो. त्याप्रमाणे तुम्ही बघा, निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

आधी तडा नेमका कुठून गेलाय ते बघायचं. ‘वेल्डिंग तुटलं’ असं सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा वेल्डिंग शाबूत असतं. तडा बीडच्या (वेल्डिंगच्या धारीच्या) मधोमध, लांबीने गेला असेल तर काम कच्चं झालं होतं: रॉड खोल उतरला नाही, आत स्लॅग (रॉडची कीट) राहिला किंवा बीड फारच बारीक होता. असा तडा सुधारायला सोपा, कारण नीट वेल्डिंग मारलं की विषय संपतो. पण तडा बीडच्या कडेने, म्हणजे वेल्डिंग संपून मूळ लोखंड सुरू होतं त्या रेषेतून निघून चॅनलमध्ये शिरला असेल, तर तो थकव्याचा तडा. लोखंड लाखो वेळा थोडंथोडं वाकून दमलेलं असतं. तुमचं वर्णन वाचून मला हाच संशय येतोय, कारण तिसऱ्या खेपेला तो पट्टीच्या कडेला निघाला.

खात्री करायची असेल तर एक गोष्ट करा. तडा गेलेला भाग कापून काढावा लागला, तर तुकडा भंगारात टाकू नका. फटीच्या दोन्ही बाजू उघड्या करून उजेडात धरा. थकव्याचा तडा असेल तर एक भाग गुळगुळीत, काळपट-तांबूस दिसेल, आणि त्यावर कधीकधी शिंपल्यासारख्या बारीक कमानी असतील. तो भाग महिनोन्महिने हळूहळू उघडत गेलेला असतो. उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत असतो, तो शेवटच्या दणक्यात तुटलेला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर तडा तुमच्या नजरेस पडला त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होता. कमानींचं केंद्र जिथे असेल तिथून तडा सुरू झाला. माझ्याकडे अशा तुकड्यांचा एक डबाच आहे. नवीन पोरं कामाला आली की आधी तो डबा दाखवतो.

आता भाराचा हिशेब. वेल्डिंग केलेल्या जोडाचं आयुष्य भाराच्या सरळ प्रमाणात घटत नाही, साधारण घनाच्या प्रमाणात घटतं. ट्रॉलीवर पाव हिस्सा भार जास्त घातला तर त्या जोडाचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं. भार दुप्पट केला तर आठव्या हिश्शावर. पाच टनांसाठी बांधलेल्या ट्रॉलीत दहा टन ऊस भरणारे आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे, मी नाव घेत नाही. टोळीला उचल दिलेली असते, डिझेल परवडत नाही, काट्यावर टनेज दिसलं पाहिजे, हे सगळं मला कळतं. कमी भरा म्हणून उपदेश करत नाही. फक्त आठ हंगाम टिकणारा जोड एका हंगामात का फाटला, त्याचं गणित सांगतोय.

यातच आणखी एक गोष्ट येते, आणि ती लोकांना पटत नाही. ‘भारी ग्रेडचं लोखंड टाकू का?’ असं विचारतात. वेल्डिंगच्या कडेच्या थकव्याला लोखंडाची ग्रेड फारशी उपयोगी पडत नाही. आयएस २०६२ या भारतीय मानकातलं साधं ई२५० असो की त्यावरची ग्रेड, बीडच्या कडेला असलेला बारीकसा खाचा दोघांनाही सारखाच छळतो. तिथे आकार महत्त्वाचा. जोड कुठे संपतो आणि कसा संपतो, यावर सगळं अवलंबून आहे.

डावी बाजूच का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारला असता. माझ्याकडे येणाऱ्या ट्रॉल्यांत डावी बाजू जास्त फाटलेली असते. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे उंच भरलेल्या उसाचा कल डावीकडे जातो. समोरून एसटी आली की डावी चाकं डांबर सोडून साईडपट्टीवर उतरतात, आणि पुन्हा वर चढताना कडेवर आपटतात. म्हणून मी आधी डावे पाटे बघतो. दुसरा-तिसरा पाटा आत तुटलेला असतो आणि वरून कळत नाही. यू-बोल्ट ढिले असतात. पाटा दबून खाली बसलेला असेल तर एक्सल थेट चासीला आपटतो, आणि मग पाटा असून नसल्यासारखा. चॅनलच्या खालच्या अंगाला किंवा पाट्याच्या वरच्या पानावर चकचकीत घासल्याची खूण दिसली, तर गुन्हेगार तोच.

पुढचा हँगर फाटण्याचंही कारण असतं. पाट्याचं पुढचं टोक सहसा पिनने पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर (हलत्या कडीवर) किंवा नुसतं सरकतं. खड्ड्यात चाक अडकलं किंवा ट्रॅक्टरने हिसका दिला, की मागे ओढणारा सगळा जोर पुढच्या हँगरवर येतो. पिन आणि बुश झिजलेले असतील तर तो जोर दणक्याने येतो. बुश बदलायला एक तास लागतो, चॅनल बदलायला दोन दिवस.

चॅनलबद्दलही थोडं. चॅनल एका बाजूने उघडा असतो. खालच्या फ्लँजवर भार दिला की तो नुसता वाकत नाही, पिळवटतोही. हँगर फक्त खालच्या फ्लँजला चिकटवलेला असेल तर प्रत्येक खड्ड्याला फ्लँज वेबपासून थोडा उलगडतो. पोटात आधाराची खडी पट्टी नसेल, तर तडा कधीतरी जाणारच.

आता तपासणी. ट्रॉली रिकामी करा, ट्रॅक्टरपासून सोडवा, सपाट जागी लाकडी ओंडक्यांवर टेकवा. जॅकच्या भरवशावर खाली झोपू नका. पाण्याच्या जेटने धुवा आणि वाळू द्या. मग नुसत्या डोळ्यांनी बघा. रंगावरून तांबूस पाण्याचा ओघळ उतरलेला दिसला की त्याच्या वरच्या टोकाला तडा असतोच. रंगात केसासारखी रेष दिसली तर तीही खूण करून ठेवा. या दोन गोष्टी बघायला एक पैसाही लागत नाही, आणि निम्मे तडे इथेच सापडतात.

मग संशयाच्या जागेचा रंग दोन्ही बाजूंना वीतभर काढा. इथे एक चूक सर्रास होते. ग्राइंडरने दाबून घासलं की लोखंड चेपून फटीच्या तोंडावर पसरतं आणि तडा दिसेनासा होतो. आधी रंग काढायचं केमिकल किंवा वायर ब्रश वापरा, ग्राइंडर नंतर. पुढची चाचणी डाय पेनिट्रंटची. तीन डबे मिळतात: क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर. जागा स्वच्छ करून लाल रंग मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. नंतर तो कोरड्या फडक्याने आणि शेवटी क्लीनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. क्लीनर थेट जागेवर फवारू नका, फटीतला रंगही धुवून जातो. वरून पांढरा डेव्हलपर पातळ मारला की दोन-चार मिनिटांत लाल रेष उमटते. ही चाचणी सकाळी करा. दुपारच्या उन्हात चॅनल तापला की रंग आत शिरण्याआधीच सुकतो.

डबे मिळाले नाहीत तर रॉकेल आणि खडूची जुनी पद्धत आहे. रॉकेल लावा, अर्ध्या तासाने कोरडं पुसा, वरून खडूची भुकटी चोळा. थोड्या वेळाने फटीतून रॉकेल वर येऊन ओली रेष दिसते. बारीक तड्यात ही पद्धत चुकते, पण काहीच न करण्यापेक्षा बरी. फक्त लक्षात ठेवा, फटीत शिरलेलं तेल वेल्डिंगच्या वेळी फसफसतं आणि बीडला जाळी पडते. घासून खाच मोकळी केल्यावर ती पूर्ण धुऊन कोरडी करावी लागते.

तड्याचं टोक सापडलं की तिथे पंच मारा आणि बाजूला रंगाने तारीख लिहा. दुसऱ्या टोकालाही तसंच. पुढच्या वेळी बघाल तेव्हा तडा वाढला की तिथेच आहे, हे अंदाजाने नाही, खुणेवरून कळेल.

दुरुस्तीपूर्वी एक निर्णय घ्यायचा. तडा खालच्या फ्लँजमध्ये आणि वेबच्या एक-तृतीयांश उंचीपर्यंतच असेल, लोखंड गंजून पातळ झालं नसेल आणि चॅनल सरळ असेल, तर मी दुरुस्त करतो. वेबच्या निम्म्याच्या वर गेला असेल, हातोडी मारल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येत असेल, गंजाचे पापुद्रे निघत असतील, किंवा त्याच वीतभर जागेत आधीच तीन-चार वेल्डिंगं झाली असतील, तर त्या भागाचा तुकडा कापून नवा चॅनल जोडतो. तुमचं प्रकरण या दोन्हींच्या सीमेवर आहे. पट्टी काढल्यावर खाली काय निघतं त्यावर ठरेल. सहा इंची पट्टी चारही बाजूंनी वेल्ड केलेली असेल, तर काढताना चॅनलला खाचे पडू देऊ नका. बीड घासून पातळ करा आणि छिन्नीने उचला. गॅस कटरने ओरबाडू नका.

समजा दुरुस्तीच करायची आहे. तड्याच्या दिसणाऱ्या टोकापुढे तीन-चार एमएमवर आठ एमएमचं भोक मारा. नुसतं भोक ही दुरुस्ती नव्हे. वेल्डिंगच्या आकसण्याने तडा पुढे पळू नये एवढंच त्याचं काम. मग तडा पूर्ण घासून काढा, वरवर नाही. तड्यावरून रन (रॉडचा एक फेरा) मारला तर तडा आत झाकला जातो आणि पहिल्या आठवड्यात वर येतो. साठ अंशांची व्ही आकाराची खाच करा, तळाला दोन एमएम फट ठेवा आणि पुन्हा एकदा पेनिट्रंट मारून आत रेष उरली नाही ना ते बघा. उरली असेल तर आणखी घासा.

हे होण्यापूर्वी चॅनलला जॅकने हलकं वर उचलून मूळ रेषेत आणा. फट उघडी असताना वेल्ड केलं तर चासी कायमची खाली वाकलेली राहते. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ, स्वच्छ लोखंडावर लावा. तो दुसऱ्या टोकाला लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात. ट्रॅक्टर सोडवता येत नसेल तर बॅटरीच्या वायरी तरी काढा. रिमच्या जवळ हवा भरलेला टायर असताना गरम काम अजिबात करू नका, टायर फुटला तर माणूस जातो. आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यात अडकलेलं वाळकं पाचट आधी झाडून काढा. एकदा माझ्या शॉपमध्ये त्याने पेट घेतला होता. पाण्याची बादली शेजारी होती म्हणून भागलं.

आता रॉड. मी अशा जोडाला ७०१८ नंबरचा रॉड वापरतो, कारण त्याचा बीड चिवट असतो आणि तडा सहज धरत नाही. पण त्याच्या अटी आहेत. तो कोरडा हवा. पाकीट फोडून पावसाळाभर शॉपमध्ये पडलेला असेल तर ओव्हनमध्ये तीनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास भाजून घ्यावा लागतो. गावातल्या जुन्या वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरवर तो चिकटतो, कारण त्याला चालू करायला जास्त व्होल्टेज लागतं. डीसी इन्व्हर्टरवर रॉड पॉझिटिव्हला लावला की गुण्यागोविंदाने चालतो. पहिला रन अडीच एमएमच्या रॉडने सत्तर-नव्वद अँपिअरला, पुढचे सव्वातीनच्या रॉडने शंभर ते एकशेतीसच्या दरम्यान. तुमच्या वेल्डरकडे ओव्हन नसेल, मशीन जुनी असेल, तर त्याला ७०१८ ची सक्ती करू नका. ओलसर ७०१८ पेक्षा सवयीच्या हाताने मारलेला कोरडा ६०१३ बरा, हे मी शपथेवर सांगतो. फक्त व्हीमध्ये ६०१३ चा स्लॅग खाली अडकतो, म्हणून प्रत्येक रननंतर छिन्नी आणि ब्रश लागतोच.

फ्लँजवर एक खास काम करा. फ्लँजच्या कडेला रन सुरू किंवा बंद करू नका. कडेला लोखंडाचा छोटा तुकडा टॅक करा (ठिपक्याएवढ्या वेल्डिंगने तात्पुरता चिकटवा), रन त्या तुकड्यावर सुरू करून पलीकडच्या तुकड्यावर संपवा. नंतर दोन्ही तुकडे कापून फ्लँजची कड गुळगुळीत घासा. रनच्या सुरुवातीला आणि शेवटी नेहमी खळगा राहतो, आणि फ्लँजची कड ही सगळ्यात जास्त ताण सोसणारी जागा. तिथेच खळगा ठेवला तर तड्याला निमंत्रण दिल्यासारखं. शेवटी फ्लँजवरचा बीड मूळ लोखंडाच्या पातळीत घासा, आणि घासण्याच्या रेघा चॅनलच्या लांबीत पडू द्या, आडव्या नकोत. आडवी रेघ हा पुन्हा एक खाचाच.

आता तुमची पट्टी. दहा एमएमची पट्टी मारू नका. सव्वाशेच्या चॅनलचा वेब पाच एमएमच्या आसपास असतो. पाच एमएमवर दहा एमएम चिकटवलं की त्या फूटभरात चॅनल एकदम ताठ होतो, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे सगळं वाकणं गोळा होतं. तुमचा तिसरा तडा पट्टीच्या कडेला का निघाला, त्याचं उत्तर यात आहे. फूटभर पट्टी मारली तर तो फूटभर अंतरावर निघेल. आधाराची पट्टी हवी असेल तर वेबच्या जाडीचीच, पाच-सहा एमएमची घ्या. ती वेबवरच लावा, फ्लँजवर नको. टोकं चौकोनी न ठेवता पतंगासारखी निमुळती कापा. लांबीच्या दोन्ही कडांना बीड मारा आणि निमुळतं टोक जिथे संपतं तिथे आडवा बीड मारू नका. फ्लँजच्या कडेपासून वीस-पंचवीस एमएम दूर थांबा. बीड पाच एमएमचाच पुरे. मोठा बीड म्हणजे जास्त ताकद नव्हे, जास्त उष्णता आणि जास्त आकसणं.

त्यापेक्षा महत्त्वाचं काम हँगरच्या वर, चॅनलच्या पोटात आहे. हँगरच्या बरोबर रेषेत दोन फ्लँजच्या मध्ये एक खडी पट्टी बसवा, सहा एमएमची. कोपऱ्यांतून वीस एमएमचे तुकडे कापून टाका म्हणजे ती चॅनलच्या आतल्या गोलाईवर चढणार नाही. यामुळे हँगरचा भार फक्त खालच्या फ्लँजवर न राहता वेबवर जातो आणि फ्लँज उलगडणं थांबतं. माझ्या अनुभवात तडे परत येणं सगळ्यात जास्त या एका पट्टीने थांबलंय. उजव्या बाजूलाही तीच बसवा, नाहीतर डावी बाजू ताठ आणि उजवी लवचीक होईल.

चॅनल बदलायचा ठरला तर जोड हँगरच्या शेजारी घेऊ नका. दोन आधारांच्या मधल्या ताणाच्या भागातही नको. जिथे वाकणं कमी आहे अशा जागी तिरका, पंचेचाळीस अंशांत कापून जोडा. सरळ उभा काप घेतला की दोन्ही फ्लँज आणि वेब यांचे जोड एकाच रेषेत येतात. चॅनल वजनाने ओळखा. सव्वाशेचा साधारण तेरा किलो मीटर, शंभरचा साडेनऊ, दीडशेचा पावणेसतरा. बाजारात हलका माल मिळतो, काट्यावर ठेवूनच घ्या.

एक गोष्ट मी वेगळी सांगतो, कारण ती लोकांच्या लक्षात येत नाही. ट्रॉलीच्या चॅनलला आपण काय काय चिकटवतो ते बघा. दोरीचे हूक, रिफ्लेक्टरची पट्टी, टूलबॉक्सचे कान, वायररोपचे आकडे. भार घेणारं काहीच नाही, म्हणून कोणीही कसाही टॅक मारतो, तोही खालच्या फ्लँजला, कारण तिथे हात पोचतो. भोसरीत असताना आम्हाला एक उदाहरण दिलं होतं. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला आणि १२३ माणसं गेली. चौकशीत निघालं की एका मोठ्या नळीला आवाज ऐकण्याच्या उपकरणाचा छोटासा आधार अवघ्या सहा एमएमच्या बीडने जोडलेला होता. त्या बीडमधला तडा वाढत जाऊन पूर्ण नळी तुटली. आधार किरकोळ, बीड किरकोळ, जागा मात्र ताणाची. तेव्हापासून मी फ्लँजला हूक मारून देत नाही. गिऱ्हाईक रागावतं, म्हणतं एवढ्याशा हुकाने काय होतंय. मी वेबवर बोल्टने लावून देतो.

ज्या गोष्टी मी दुरुस्त करत नाही त्याही सांगतो. पाटा वेल्ड करायचा नाही, तो स्प्रिंग स्टीलचा असतो आणि बीडशेजारी काचेसारखा ठिसूळ होतो. एक्सल शाफ्ट नाही, हिचची पिन नाही. दांड्याच्या (ट्रॅक्टरला जोडायच्या ओढदांड्याच्या) तोंडाचा ओतीव किंवा घडीव डोळा तडकला असेल तर नवा लावायचा. दांडा आणि चासी यांचा जोड फाटला असेल तर रस्त्यावर जनरेटरवर मारून पुढे न्यायचं नाही. आणि डबल ट्रॉली ओढत असाल तर पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूक ज्या आडव्या चॅनलवर आहे तो दर महिन्याला बघायचा, कारण दुसऱ्या ट्रॉलीची सगळी ओढ तिथून जाते.

हे मी फुकट शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एकाने दांड्याचा जोड घेऊन येऊन म्हटलं, उद्याच खेप आहे, लवकर मारून दे. मी वरून जाड पट्टी मारली, चारही बाजूंनी दाबून, आणि मनातून खूश झालो. बीड दिसायला सुंदर होता. आठव्या की नवव्या दिवशी ओढ्याच्या चढावर पट्टीच्या टोकाला दांडा तुटला. भरलेली ट्रॉली मागे घसरली आणि बांधाला टेकून थांबली. मागे कोणी नव्हतं. मी जाऊन बघितलं तेव्हा माझा बीड जसाच्या तसा होता आणि त्याच्या कडेने चॅनल सुरीने कापल्यासारखा. सेफ्टी चेन नव्हती. त्यानंतर दांड्याचं काम करताना मी चेन लावून घेतल्याशिवाय ट्रॉली सोडत नाही, आणि घाई असेल तर काम घेत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा. पट्टी काढा, खाली काय आहे ते पेनिट्रंटने बघा. पाटे, यू-बोल्ट, बुश आधी ठीक करा. मग तडा पूर्ण काढून वेल्ड करा, पोटात खडी पट्टी बसवा, आणि गरज वाटली तरच वेबवर पातळ निमुळती पट्टी. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पुन्हा पेनिट्रंट. रंग एकच हात मारा आणि पांढरा किंवा पिवळा मारा, काळ्यावर तड्याची रेष दिसत नाही. पहिल्या पाच खेपांनंतर बघा, मग दर पंधरा दिवसांनी, कारखान्याच्या नंबरात थांबलेले असता तेव्हा. बॅटरी लावून दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ग्राइंडर हातात आहेच, तर उजव्या बाजूच्या पुढच्या हँगरशेजारचाही रंग वीतभर काढून बघा. डावीकडे एवढं झालंय म्हणजे उजवीकडे केसाएवढी सुरुवात असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे काय निघतं आणि चॅनल कितीचा आहे, एवढं कळवलंत तर पुढचं नक्की सांगता येईल.